इंग्रजीच्या तासाला बोलतो कोण?

(मूर्तिजापूर येथे शिक्षक व कार्यकर्ते यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने इंग्रजीच्या अध्यापनाविषयी बोलावे, ही अनधिकार चेष्टा आहे असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मी इंग्रजीचा शिक्षक नव्हे, हे प्रारंभीच कबूल करतो. परंतु उत्पादन किती झाले एवढेच न विचारता, ते कोणाच्या वाट्याला किती आले हेही विचारावे, असे माझ्या विषयाने मला शिकविले. तोच प्रश्न घेऊन मी आज वर्गाच्या खोलीत शिरणार आहे. इंग्रजीचा तास आपण सर्व मुलांना देतो. त्या तासात तोंड उघडण्याची संधी कोणाला मिळते?

मी स्वतः पाचवीत इंग्रजी शिकावयास लागलो. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत मी वर्गात स्वतःचे असे इंग्रजी वाक्य किती वेळा बोललो, याचा आठवून आठवून हिशेब केला तर दोन्ही हातांची बोटेही पुरी होत नाहीत. ‘येस सर’ मात्र हजारो वेळा म्हटले असेल, आणि तेही साऱ्या वर्गाबरोबर एका सुरात. पुढे मी प्राध्यापक झालो. माझ्यासमोर बसणारी खेड्यापाड्यांतील मुले अर्थशास्त्र मराठीतून उत्तम समजून घेत. पण इंग्रजी परिच्छेद वाचावयास सांगितला की माना खाली जात. ही मुले मठ्ठ नव्हती. आठ-दहा वर्षे इंग्रजीच्या तासाला बसून त्यांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती, ती म्हणजे गप्प बसणे.

दहा सेकंदांचा हिशेब

आता थोडा हिशेब मांडू. आपल्याकडील एखाद्या माध्यमिक शाळेतील वर्ग डोळ्यांपुढे आणा. मुले ६०. तास ३५ मिनिटांचा. हजेरी, फळ्यावरील लेखन, गुरुजींचे वाचन आणि अर्थ सांगणे यांत २५ मिनिटे गेली असे धरू. उरली १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद. ती साठ मुलांत काटेकोर समानतेने वाटली तरी दर मुलामागे १० सेकंद येतात. वर्षाचे २०० तास धरले तर एका मुलाच्या वाट्याला सबंध वर्षात अवघी ३३ मिनिटे. एवढ्या वेळात परकी भाषा जिभेवर बसेल अशी अपेक्षा करणे म्हणजे एका पावसाच्या सरीवर कपाशीचे पीक काढू पाहण्यासारखे आहे.

आणि ही वाटणी समान कधीच नसते. पुढच्या दोन बाकांवरील पाच-सहा मुले, ज्यांच्या घरी कोणी शिकलेले आहे, ज्यांना शिकवणी आहे, तीच हात वर करतात. शिक्षकांनाही पाठ पुढे न्यावयाचा असतो, म्हणून तेही त्यांनाच विचारतात. उरलेल्या चोपन्नांच्या वाट्याला शून्य येते. जमिनीच्या मालकीचे कोष्टक पाहताना आपण अशा वाटणीला जे नाव देतो, तेच नाव येथेही द्यावयास हवे. ही वाचेची मक्तेदारी आहे.

आता त्याच दहा मिनिटांत दोन-दोन मुले एकमेकांसमोर बसवा. एक बोलेल, दुसरा ऐकेल. मग दुसरा बोलेल. एकाच वेळी तीस मुले बोलत असतील. प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे आली. दोनशे तासांची हजार मिनिटे झाली, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक. त्यातील निम्मा वेळ मुलांनी गप्पांत घालविला असे निराशावादी गृहीत धरले तरी आठ तास उरतात. कोठे ३३ मिनिटे आणि कोठे आठ तास! यासाठी शासनाकडे एक रुपयाही मागावा लागत नाही. ज्याला शिक्षणशास्त्रात सहकारी अध्ययन म्हणतात, त्याचा आर्थिक पाया एवढा सरळ आहे.

वाघिणीचे दूध कोणाला?

इंग्रजीविषयी आपल्या परंपरेत दोन सूर आहेत, आणि दोन्हींचा मान ठेवून पुढे जावे लागेल. १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाई फुले यांनी शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे असा आग्रह धरला. कारण जे ज्ञान वरच्या वर्णांनी कोंडून ठेवले होते त्याला दुसरी वाट फुटत होती. शंभर वर्षांनी, १९५७ पासून, डॉ. राममनोहर लोहियांनी ‘अंग्रेजी हटाओ’ची मोहीम उभारली, कारण तीच इंग्रजी आता राज्यकारभार, न्यायालये आणि उच्च शिक्षण यांच्या दारावरील कुलूप झाली होती. हे परस्परविरोधी वाटते, पण तसे नाही. लोहिया स्वतः बर्लिनला जाऊन जर्मन भाषेत शिकलेले गृहस्थ होते. भाषा शिकण्याला त्यांचा विरोध नव्हता, मूठभरांनी तिची तटबंदी करण्याला होता. सावित्रीबाई आणि लोहिया दोघेही एकच विचारीत होते: ज्ञानाची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे?

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ते दूध सर्वांना मिळावे या हेतूने महाराष्ट्र शासनाने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण फळ काय मिळाले? ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालांनुसार, इंग्रजीतील साधी वाक्ये वाचू शकणाऱ्या आठवीतील मुलांचे प्रमाण २००९ मध्ये ६०.२ टक्के होते. ते २०१६ मध्ये ४५.२ टक्क्यांवर आले. हे आकडे सबंध देशाचे आहेत, एकट्या वऱ्हाडाचे नव्हेत. तरीही त्यांतून एवढे दिसते की इंग्रजीचा गाजावाजा वाढत असताना खेड्यातील मुलाच्या हाती पडणारे इंग्रजी आपोआप वाढत नाही.

याचा परिणाम आपण गावोगाव पाहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाला इंग्रजी येत नाही, म्हणून कापूस विकून आलेल्या पैशातून बाप त्याला ‘कॉन्व्हेंट’मध्ये घालतो. पाटीवर इंग्रजी नाव असलेल्या या शाळांपैकी कित्येकांत तेच साठ जणांचे वर्ग आणि तेच सामुदायिक ‘येस सर’ असते; फरक फक्त फीचा आणि टायचा. सार्वजनिक शाळेतील इंग्रजीचा तास मुका राहिला की त्याची किंमत कर्जबाजारी शेतकरी मोजतो. म्हणून हा प्रश्न केवळ शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात बोलावयाचा नाही, कार्यकर्त्यांच्या बैठकीत बोलावयाचा आहे.

ही पद्धत परकी नव्हे

सहकारी अध्ययन हे अमेरिकेतून आलेले खूळ आहे, असे काही जण म्हणतात. त्यांनी आपल्या तालुक्याकडेच पाहावे. गाडगेबाबांचे बालपण याच मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी मामांच्या घरी गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात गेले. पुढे त्यांनी महाराष्ट्रभर कीर्तने केली. त्या कीर्तनाची रीत ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल त्यांना ठाऊक आहे, की बाबा एकटे बोलत राहत नसत. ते साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकीत आणि उत्तर समोरच्या हजारो माणसांकडून काढून घेत. देव कोठे आहे, कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालीत नाही, या प्रश्नांची उत्तरे निरक्षर माणसांच्याच तोंडून येत आणि म्हणून ती त्यांच्या मनात राहत. ऐकणाऱ्याला बोलते केल्याशिवाय त्याला शिकविता येत नाही, हे तत्त्व शाळेत न गेलेल्या या शिक्षकाने आचरणात आणले होते.

पाश्चात्त्य अभ्यासकांनी या अनुभवाला शास्त्राची शिस्त लावली, तेवढे श्रेय त्यांना द्यावयास हवे. मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्ये स्पर्धा आणि सहकार्य यांचा सिद्धांत मांडला. स्पर्धेत दुसऱ्याचे अपयश हे माझे यश ठरते. सहकार्यात दुसरा बुडाला की मीही बुडतो. आपला नेहमीचा वर्ग पहिल्या प्रकारात मोडतो. एखादा मुलगा इंग्रजी वाक्य बोलताना अडखळला की दहा हात वर होतात. त्याच्या अडखळण्यात इतरांची संधी असते. अशा वर्गात पुढच्या वेळी तो तोंड कशाला उघडील?

दुसरे उदाहरण १९७१ मधील टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराचे. तेथील शाळांमध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एकत्र बसू लागली होती आणि वर्गावर्गांतून ताण होता. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. पाठाचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. संपूर्ण पाठ कोणाकडेच नाही. परीक्षा मात्र संपूर्ण पाठावर. आता ज्याला कालपर्यंत हसत होते, त्याचेच बोलणे कान देऊन ऐकणे प्रत्येकाला भाग पडले. जेथे आडनाव ऐकताच जात ओळखली जाते आणि बाकांची वाटणीही नकळत त्याच रेषेने होते, त्या आपल्या वर्गांना या प्रयोगातून काही घेण्यासारखे आहे की नाही, याचा विचार आपणच करावा.

सोसायटीचे दोष वर्गातही येतात

निवृत्तीनंतर एका खेड्यातील नववीच्या मुलांचा रविवारचा इंग्रजीचा वर्ग मी काही काळ घेतला. पुस्तकात वाचलेली ही पद्धत मला करून पाहावयाची होती. पहिल्या रविवारी मी आठ-आठ मुलांचे गट केले, उतारा दिला आणि खाली पाच प्रश्न. अर्ध्या तासाने सर्व गटांची उत्तरे आली, बहुतेक बरोबर. मी खूष झालो. मग खिडकीशी बसलेल्या एका मुलाला सहज विचारले, ‘हे तिसरे उत्तर असे का?’ तो म्हणाला, ‘मले नाई मालूम सर, तिनं लिवलं.’ चौकशी करता कळले की प्रत्येक गटात एकाच मुलाने किंवा मुलीने सारे केले होते; बाकीच्यांनी उतरून घेतले होते.

मला आमच्या सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभा आठवल्या. हजेरीपत्रकावर सह्या आणि अंगठे सर्वांचे, ठराव मात्र अध्यक्षांच्या खिशातून निघालेला! १९०४ च्या कायद्यापासून आपण सहकारी संस्था काढीत आलो आहोत. जेथे सभासद जागा राहिला तेथे त्या वाढल्या. जेथे तो कागदावर उरला तेथे एका घराण्याची मालमत्ता झाल्या. १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढताना ‘एक सभासद, एक मत’ हा नियम घातला, तो उगाच नव्हे. नुसते एकत्र बसणे म्हणजे सहकार नव्हे. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर पुष्कळ शाळांतून मुले गोलाकार बसू लागली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु गोलातही एकच जण बोलत असेल तर जुन्या रांगेत आणि नव्या गोलात फरक तो काय? मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी सहकारी अध्ययनाच्या ज्या अटी सांगितल्या, त्यांत दोन मुख्य आहेत: प्रत्येकाला इतरांची खरी गरज भासली पाहिजे, आणि प्रत्येकाला स्वतःचा जाब द्यावा लागला पाहिजे. माझ्या पहिल्या वर्गात यांपैकी एकही अट पुरी झालेली नव्हती. दोष मुलांचा नव्हता, माझा होता.

पुढच्या रविवारी मी चौघाचौघांचे गट केले. गट मी पाडले, मुलांना पाडू दिले नाहीत. मैत्रीवर सोडले असते तर प्रत्येक मोहल्ल्याचा गट वेगळा झाला असता. विषय घेतला आपल्या ‘शकुंतले’चा, म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीचा. सोप्या इंग्रजीत चार चिठ्ठ्या लिहिल्या. पहिलीत, वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने ही वाट कशी बांधली ते. दुसरीत, तिच्या दोन फाट्यांची माहिती. तिसरीत, मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन. चौथीत, १९९४ मध्ये आलेले डिझेल इंजिन आणि पुढे बंद पडलेली गाडी. प्रत्येकाला एक चिठ्ठी. आपली चिठ्ठी दुसऱ्याला द्यावयाची नाही. वाचून, समजून, इंग्रजीत सांगावयाची. चौघांचे ऐकल्याखेरीज प्रश्न सुटावयाचे नाहीत.

आधी एकच चिठ्ठी मिळालेली मुले निरनिराळ्या गटांतून उठून एकत्र आली आणि तिचा अर्थ त्यांनी लावला. तेथे मी वऱ्हाडी बोलावयास मोकळीक दिली. विचार ज्या भाषेत सुचतो त्या भाषेत करू द्यावा. मग ती आपल्या गटात परतली आणि तेथे मात्र इंग्रजी. शेवटी मी प्रत्येक गटातील मुलांना १ ते ४ क्रमांक दिले आणि कोणताही क्रमांक पुकारीन, तो उठून सर्व गटाच्या वतीने उत्तर देईल, असे सांगितले. आता हुशार मुलीला स्वतः उत्तर येऊन भागेना. खिडकीजवळच्या त्या मुलाला ते आले पाहिजे, ही तिचीच काळजी झाली. त्याच्याकडे इंजिनाची चिठ्ठी होती. तो अडखळला, एका शब्दाचा उच्चार चुकला. पण कोणी हसले नाही, कारण त्याच्याकडील माहितीवाचून तिघांचे अडले होते. त्याने तीन वाक्ये सांगितली. नववीपर्यंत वर्गात ऐकू आलेली त्याची ती पहिली इंग्रजी वाक्ये असावीत. यात चमत्कार काही नाही. त्याची कोणाला तरी गरज आहे अशी परिस्थिती तोपर्यंत कोणी निर्माण केली नव्हती, एवढेच.

चार आक्षेप

शिक्षक मित्र चार आक्षेप घेतात आणि ते खरे अनुभवातून येतात. पहिला, वर्गात गोंधळ होतो. होतो. परंतु शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग ही समजूत तपासून पाहावी लागेल; भाषेच्या तासातील शांतता हे आजाराचेही लक्षण असू शकते. थांबण्याची एक खूण ठरवून आठ दिवस पाळली की मुले सरावतात.

दुसरा, अभ्यासक्रम पुरा होत नाही. रोज सबंध तास असा घ्यावा असे मी म्हणत नाही. रोज दहा मिनिटे जोडीने आणि पंधरवड्यातून एक पाठ चिठ्ठ्यांच्या रीतीने, एवढ्यावर सुरुवात करता येते. बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकांत जोडीने व गटाने करावयाच्या कृती छापलेल्या असतात; त्या गाळून पुढे जाणे थांबविले तरी पुष्कळ झाले.

तिसरा, मुले एकमेकांच्या चुका उचलतात. काही उचलतील. पण चूक करून ती दुरुस्त होते. न बोललेले वाक्य कधीच दुरुस्त होत नाही. शिक्षक गटागटांतून फिरत असतील तर कोणती चूक साऱ्या वर्गाची आहे हे त्यांना कळते, आणि नेमकी तेवढीच फळ्यावर घेता येते.

चौथा आक्षेप पालकांचा: आमच्या हुशार मुलाचे नुकसान होते. ज्याने दुसऱ्याला समजावून सांगितले आहे त्याला विचारा, त्याला स्वतःला ते किती पक्के झाले. आणि गुण गटाला सरसकट देऊ नयेत. चाचणी प्रत्येकाची स्वतंत्र घ्यावी; गटाचे कौतुक करावयाचे ते प्रत्येक जण आपल्या मागील गुणांपेक्षा किती पुढे गेला यावरून. चाळीसवरून पन्नासवर आलेला मुलगा मग गटाचे ओझे राहत नाही, गटाची कमाई ठरतो.

मुलींविषयी एक शब्द. आपल्या खेड्यांतून मुलामुलींचे गट एकदम मिसळले तर मुली अधिकच गप्प होतात आणि घरूनही कुरकुर येते. म्हणून प्रथम मुलींच्या जोड्या मुलींशीच लावाव्या आणि आवाज मोकळा झाल्यावर चौघांच्या गटात दोन मुली ठेवाव्या. एकटी मुलगी तीन मुलांत बसविली की ती लिहिण्याचे काम घेते आणि बोलण्याचे सोडते, हे मी पाहिले आहे.

स्वस्त शिक्षणाचा सापळा

आता एक धोक्याची सूचना. १७८९ मध्ये मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेची सूत्रे अँड्र्यू बेल यांच्याकडे आली. तेथील देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरवीत एकमेकांना शिकवीत, हे पाहून त्यांनी ती रीत उचलली आणि १७९७ मध्ये तिचा वृत्तांत लंडनमध्ये छापला. पुढे जोसेफ लँकेस्टर यांनीही तशीच पद्धत चालविली आणि मद्रासची युक्ती इंग्लंडातील गरिबांच्या शाळांत पसरली. का पसरली? मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावयाचे, म्हणजे शेकडो मुलांना एक शिक्षक पुरतो. ती स्वस्त होती म्हणून. मूळच्या परस्परसाहाय्याचे तेथे पलटणीच्या कवायतीत रूपांतर झाले. श्रीमंतांची मुले मात्र शिक्षकांकडेच शिकत राहिली.

मुले एकमेकांना शिकवितात, मग शिक्षकांची पदे कशाला भरावयाची, असा सोयीस्कर निष्कर्ष आजही काढला जाऊ शकतो. तो आपण निक्षून नाकारला पाहिजे. चिठ्ठ्या तयार करणे, गट पाडणे, गप्प मुलाकडे लक्ष ठेवणे हे काम एकट्या व्याख्यानापेक्षा अधिक कौशल्याचे आणि अधिक श्रमाचे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे आणि उच्च प्राथमिकमध्ये ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले आहे. ते पाळले जावे, शिक्षकांना निरनिराळ्या याद्यांच्या आणि सर्वेक्षणांच्या कामांतून मोकळे करावे, या मागण्या आपण सोडावयाच्या नाहीत. सहकारी अध्ययन हे शिक्षकाला पर्याय नव्हे. शिक्षकाच्या हातातील ते अवजार आहे.

आपण काय करावयाचे?

शिक्षक मित्रांना माझी एवढीच विनंती आहे की त्यांनी एक आठवडा स्वतःचा वर्ग मोजून पाहावा. हजेरीच्या वहीत नावापुढे एक खूण करावी: आज कोण बोलले? आठवड्याच्या अखेरीस कोरी राहिलेली नावे वाचावी. ती नावे कोणत्या वस्तीची, कोणत्या घरांची आहेत हे पाहावे. दहावीच्या इंग्रजीला तोंडी परीक्षेचे २० गुण असतात. ते सरसकट वाटून टाकावयाचे नसतील तर बोलण्याचा सराव वर्षभर व्हावयास हवा, आणि तो याच मार्गाने होऊ शकतो.

कार्यकर्त्यांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आपल्यापैकी अनेकांची मुले या शाळांत आहेत. समितीच्या सभेत शौचालय, पोषण आहार, भिंतीचा रंग यांवर आपण बोलतो. तसेच बोलावयासही हवे. त्याबरोबर हाही प्रश्न विचारा: इंग्रजीच्या तासाला गेल्या महिन्यात किती मुलांनी तोंड उघडले? आरोपाच्या सुरात नव्हे, मदतीच्या सुरात विचारा. दुसरी गोष्ट, ज्या गावात आपली अभ्यासिका किंवा सेवादलाची शाखा चालते, तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ चौघाचौघांचे इंग्रजीचे गट बसवा. चिठ्ठ्यांसाठी मोठी पुस्तके लागत नाहीत. बँकेचा अर्ज, रेल्वेचे वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरील सूचना, बाजारभावाची बातमी यांचे तुकडे करा. त्यातून मूल इंग्रजी शिकेल आणि बापाच्या हातातील कागदही घरात प्रथमच समजून वाचला जाईल.

मराठी हीच आपल्या शिक्षणाची, राज्यकारभाराची आणि न्यायाची भाषा असावी, हा आग्रह मी तसूभरही कमी करीत नाही. परंतु तो दिवस येईपर्यंत इंग्रजीचा तास मूठभरांना पुढे काढण्याचे आणि बाकीच्यांना गप्प बसविण्याचे यंत्र म्हणून चालू ठेवावयाचा काय, याचे उत्तर आजच द्यावे लागेल. मी त्या रविवारच्या वर्गात शेवटी गेलो तेव्हा खिडकीजवळची जागा रिकामी होती. तो मुलगा दुसऱ्या एका गटात बसून कोणाला तरी चिठ्ठी समजावून सांगत होता. पुढे त्याचे काय झाले ते मी आपणांस सांगू शकत नाही. पण येत्या सोमवारी आपल्या तालुक्यातील प्रत्येक वर्गात असा एक मुलगा खिडकीजवळ बसलेला असेल. त्याच्या हाती एक चिठ्ठी द्या, आणि ती वाचून दाखविण्याची गरज इतर तिघांना भासेल अशी व्यवस्था करा.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. आता मात्र शांत बसू नका. आपले अनुभव सांगा, माझे चुकले असेल तेथे मला अडवा. मी पुरेसे बोललो आहे.